घरभाडें आणि घरधर्म

भाडें वाढविणें जितकें अप्रिय, तितकेंच तें मुळींच न वाढविणें घराला घातक, हें जुन्या वाड्यांकडे पाहिलें म्हणजे कळतें. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें भाडें सप्टेंबर १९४० च्या पातळीस जखडलें. भिंती खचल्या, पण पावतीवरील आंकडा हलला नाहीं. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ही गोठवणूक अवाजवी ठरविली. पुढें १९९९ च्या कायद्यानें, ३१ मार्च २००० पासून, मालकास सालीना शेंकडा ४ वाढीचा हक्क मिळाला.

आमच्या धुळ्याच्या वाड्याचा हिशेब आतां जळगांवीं संगणक ठेवतो. तारीख व दर एकदां नोंदविला कीं वाढीव मागणी आपोआप निघते. ५०० चे ५२० होतात. दहाव्या वाढीस, वाढीवर वाढ धरल्यास ७४०, न धरल्यास ७००. म्हणून कोणती रीत धरावयाची, हें करारपत्रांतच लिहिलेलें बरें.

गेल्या वर्षीं वाड्यांतील एका वृद्ध बाईंच्या नांवेंही अशीच मागणी निघाली. त्यांचे यजमान नुकतेच वारले होते. आम्हीं ती वाढ त्या सालापुरती थांबविली. कायद्यानें दिला आहे तो हक्क. ती आज्ञा नव्हे. यंत्राला हा भेद कळत नाहीं. तेव्हां वाचकहो, मोजणी यंत्रानें खुशाल करावी. पण मागणी भाडेकरूच्या दारीं जाण्यापूर्वीं घरांतील कर्त्या माणसाची नजर तिच्यावरून एकदां फिरावी, एवढेंच आमचें सांगणें.