घटना कधी घडली आणि नोंद कधी झाली

घटना घडते एका क्षणी, संगणकाला ती कळते थोड्या वेळाने, आणि नोंदीत वेळ पडते ती कळल्याची. तहसील कचेरीच्या आवक वहीतली तारीख म्हणजे अर्ज लिहिल्याची तारीख नव्हे, तसंच हे. एरवी त्याने कुणाचं बिघडत नाही. पण त्या वेळेवरून कुणाचा दोष ठरणार असेल, तर बिघडतं.

सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रेसवरच्या कामगाराच्या बोटांना इजा झाली. गार्ड उघडा असेल तर प्रेस सुटताच कामा नये. नोंद मात्र सांगत होती की प्रेस आधी सुटला आणि गार्ड ९ मिलिसेकंदांनंतर उघडला. म्हणजे मशीन निर्दोष, यानेच चालू प्रेसमध्ये हात घातला! भरपाई अडली. अशा नोंदयंत्रणांचं काम मी करतो, म्हणून ती तपासायला मला बोलावलं.

सेन्सरचा सिग्नल आला की प्रोसेसरला इंटरप्ट जातो. तो हातातलं काम थांबवतो, सिग्नल घेतो, मग प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टीमचं घड्याळ पाहून वेळ लिहितो. पण प्रोसेसरने तेव्हा इंटरप्ट रोखून धरले असतील, किंवा दुसरं महत्त्वाचं काम पुढे असेल, तर सिग्नल दाराशी ताटकळतो. किती वेळ, ते आतल्या गर्दीवर. इथे दोन सिग्नल दोन वेगळ्या कार्डांतून येत होते, म्हणजे ताटकळणंही वेगवेगळं.

आम्ही एकच स्विच दोन्ही इनपुटांना जोडला आणि पुन्हा पुन्हा दाबला. क्षण एकच, तरी नोंदीत कधी हा आधी, कधी तो, आणि फरक १४ मिलिसेकंदांपर्यंत. मग ९ मिलिसेकंदांवर कोण आधी हे ठरवणार कसं?

उपाय जुना आहे. सिग्नलची कड येताच हार्डवेअरमधला टायमर आपला आकडा एका रजिस्टरमध्ये गोठवतो. इंटरप्ट उशिरा पोहोचला तरी प्रोग्राम घड्याळ पाहत नाही, तो गोठलेला आकडा वाचतो. दोन काळज्या मात्र घ्याव्या लागतात. आकडा वाचण्याआधी दुसरी घटना आली तर पहिली पुसली जाते, म्हणून मागे रांग हवी. आणि १ मेगाहर्ट्झवर चालणारा १६ बिटांचा टायमर दर ६५.५३६ मिलिसेकंदांनी शून्यावर येतो, त्या फेऱ्या मोजाव्या लागतात. शिवाय टायमर आणि सिस्टीमचं घड्याळ अधूनमधून एकत्र वाचून त्यांचा मेळ घालावा लागतो. संगणकांची घड्याळं जुळवणाऱ्या पीटीपी पद्धतीत चांगली नेटवर्क कार्डं हेच करतात. पॅकेटची वेळ कार्डावरच टिपली जाते.

सिन्नरहून पुणे रस्त्याने नारायणगावपर्यंत गेलं की जवळच खोडदच्या परिसरात जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. पल्सार ताऱ्यांचे ठोके तिथे मोजले जातात. २०२३ च्या जूनमध्ये गुरुत्वीय लहरींच्या मंद गुणगुणीचा पुरावा जगासमोर आला, त्यात या ठोक्यांच्या नोंदीही होत्या. ठोका नेमका कधी आला हेच तिथे विज्ञान. संगणकाला सवड कधी मिळाली, यावर ते सोडून चालत नाही.

ताऱ्यांसाठी घेतली जाते ती काळजी कामगाराच्या बोटांसाठी का नको?

आमच्या चाचणीने तो कामगार निर्दोष ठरला नाही, हेही सांगायला हवं. या नोंदीवरून त्याला दोषी ठरवता येत नाही, एवढंच सिद्ध झालं. तेवढ्यावर अडलेली भरपाई सुटली. नोंद मशीनने केली म्हणून ती खरी, असं यापुढे कुणी म्हणालं, तर आधी विचारा: वेळ टिपली कुणी, आणि कुठे?