पिकअपचं दुखणं

जुन्या गाडीला बिघाड काही नवा नसतो. क्लच घसरतो, सेल्फ फिरत नाही, पाट्याचं पान तुटतं. अशा बिघाडाला कुणी घाबरत नाही. काय मोडलंय ते दिसतं, दुसरं टाकलं की काम झालं. घर हलवून सोडतो तो न दिसणारा बिघाड. गाडी चालता चालता दम सोडते, अर्ध्या तासानं आपसूक चालू होते, आणि मेस्तरीच्या दारात नेऊन उभी केली की गुणी लेकरासारखी वागते.

आमच्या पिकअपला असं दुखणं लागलं ते २००८ साली, ऐन टोमॅटोच्या हंगामात. आमची वाडी जुन्नर तालुक्यात. तिथून नारायणगावचा टोमॅटो बाजार वीस-बावीस किलोमीटर. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती गाडी जुनीच घेतलेली. तिच्यात घरचा माल थोडा, वाडीतल्या लोकांचा जास्त. एका खेपेला ६० क्रेट. क्रेटमागं २० किलो धरले तरी १२०० किलो झाले. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि हंगामात नानांबरोबर क्लिनर म्हणून जायचो.

वाटेत एक खिंड आहे. भरल्या गाडीनं ती चढताना इंजिन मवाळ पडायचं. नाना गिअर उतरवायचे, तिसऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला, आणि शेवटी गाडी गप्प. मी उडी मारून चाकामागं दगड लावायचो. अर्धा तास गेला की सेल्फ मारताच चालू. पण तोवर बाजाराची वेळ टळायची. उशिरा पोचलेला माल व्यापारी पाडूनच मागतो. आणि तो माल आमच्या एकट्याचा नव्हता. चार-पाच वेळा असं झालं आणि लोकांनी दुसऱ्याची गाडी बघायला सुरुवात केली. तोंडावर कुणी बोललं नाही. क्रेट तेवढे कमी होत गेले.

एका गॅरेजवाल्यानं डिझेल पंप खोलायला लावला. १८ हजार गेले. त्यासाठी आईच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण पडल्या. आठ दिवस गाडी झकास चालली. नवव्या दिवशी खिंडीत पुन्हा उभी. दुसऱ्यानं बघितलं आणि सांगितलं, इंजिन उतरलंय, कॉम्प्रेशन राहिलं नाही. बोरिंग, पिस्टन, रिंगा धरून ४५ हजार. नाना घरी आले ते न बोलता जेवले. रात्री आईला म्हणाले, "इकून टाकू. येईल ती किंमत." एजंटाशी बोलणंही झालं होतं.

मधेच कुणीतरी खोडद रस्त्याच्या एका म्हाताऱ्या मेस्तरीचं नाव सुचवलं. त्यांची शेड म्हणजे चार पत्रे आणि एक लिंबाचं झाड. खोडदला जीएमआरटीची दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या अजस्र डिश असलेली. लोक चेष्टेनं म्हणायचे, तिकडं आभाळाचं ऐकतात, इकडं मेस्तरी इंजिनाचं ऐकतो.

मेस्तरींनी बॉनेट उघडलंच नाही. नानांना खाटेवर बसवलं आणि विचारायला लागले.

"नाना, सकाळी गारठ्यात गाडी किती सेल्फात लागते?"

"एकाच."

"धूर?"

"इशेष नाय."

"रिकामी असली तर?"

"रिकामी कवाच बंद पडत नाय."

मग माझ्याकडं वळले. "पोरा, तू मागं दगड लावतो ना? बंद पडायच्या आधी सायलेन्सरमधून काळा धूर येतो का?"

मी म्हटलं, "नाही. उलट धूर कमी होतो. आवाजच बारीक होत जातो."

मेस्तरींनी मान हलवली. "मग कॉम्प्रेशन कुठं गेलं? कॉम्प्रेशन गेलेलं इंजिन सकाळी रडतं. तुमचं सकाळी हसतंय आन् चढाला रडतंय. हे उपाशी इंजिन हाय."

त्यांचं म्हणणं मला पुढं नीट कळलं. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. पिस्टन हवा सतरा ते बावीस पट दाबतो, ती ५०० अंशांच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल स्वतःहून पेटतं. रिंगा झिजल्या की दाब कमी, दाब कमी तर ताप कमी. म्हणून असलं इंजिन थंडीत लवकर लागत नाही. धुराचंही तसंच. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय, नाहीतर सिलिंडरात पाणी शिरतंय. आणि भरल्या गाडीला चढावर धूरच नाही, ताकदही नाही, तर इंजिनाला खायलाच मिळत नाहीये.

तरी त्यांनी खात्री करून घेतली. चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण काढून तळहात धरला. रिंगा गेल्या असत्या तर तिथून फसाफसा वाफारा आला असता, थोडाच आला. डिपस्टिक पुसून बघितली; ऑइल काळं होतं, पण दुधाळ नव्हतं. म्हणजे त्यात पाणी नव्हतं. रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते. एवढ्यात ४५ हजारांचं काम बाजूला पडलं आणि एक नटसुद्धा ढिला केला नव्हता.

"आता भरून आणा," मेस्तरी म्हणाले. "दुखतं तवाच बघायचं."

दुसऱ्या दिवशी ते आमच्याबरोबर केबिनमध्ये बसून खिंडीत आले. गाडी बंद पडली तसे उतरले आणि फिल्टरवरचा हातपंप दाबला. दाबला तो दबूनच राहिला, वर येईना. "बघा नाना. हवा घेत असती तर हा भुसभुशीत लागला असता, आन् नट ढिला केल्यावर फेस आला असता. हा मागून डिझेलच येऊ देत नाय." टाकीचं झाकण काढलं. झाकणाचं भोक बुजलं तर टाकीत पोकळी होते आणि उघडताना हवा सुस्कारते. तसा आवाज आला नाही. झाकण सुटलं.

मग त्यांनी पिशवीतून पाच लिटरचा कॅन काढला. स्वच्छ डिझेलनं भरलेला. तो बॉनेटखाली तारेनं बांधला, टाकीकडून येणारी नळी सोडून कॅनची नळी जोडली, पंपातून परत येणारी नळीही कॅनमध्येच सोडली, हातपंपानं हवा काढली. "आता चला."

पिकअप ६० क्रेट घेऊन खिंड चढली. दुसऱ्या गिअरमध्ये, एका दमात. वर पोचल्यावर नानांनी गाडी उभी केली आणि थोडा वेळ स्टेअरिंगवर हात ठेवून तसेच बसले.

त्या कॅननं गाडीचे दोन भाग केले होते. इंजिन, पंप, नोझल यांचा दोष नाही. दोष टाकी ते फिल्टर एवढ्याच वाटेत. संध्याकाळी टाकी खाली उतरवली. तळाला काळा, बुळबुळीत गाळ होता, वरून गंजाचा चुरा. डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी जी जाळी असते, ती त्या गाळानं लिंपलेली. हा गाळ आला कुठून, तर आमच्या अंगणातल्या बॅरलमधून. नाना पाण्याच्या इंजिनासाठी डिझेल साठवायचे, अडीअडचणीला तेच गाडीत ओतायचे. पावसाळ्यात बॅरलमध्ये पाणी धरतं. डिझेल हलकं, पाणी तळाला. दोघं जिथं भेटतात तिथं सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचीच ही बुळबुळ होते.

मग सगळे धागे जुळले. रिकाम्या गाडीला डिझेल थोडं लागतं, तेवढं जाळीतून झिरपायचं. चढाला पंप जोरानं ओढायचा आणि गाळ जाळीला चिकटायचा. इंजिन बंद झालं की ओढ संपायची, अर्ध्या तासात गाळ सुटून खाली बसायचा. आणि पंपाच्या कामानंतरचे ते आठ चांगले दिवस? तेव्हा गॅरेजमध्ये नळ्यांना हवा मारली होती. जाळीचा गाळ टाकीत ढकलला गेला. तो परत यायला आठ दिवस लागले.

नाना पहिल्या गॅरेजवाल्यावर फार भडकले. मेस्तरी टाकी धूत धूत म्हणाले, "पंप बी जुना व्हताच की. त्यानं काम केलं असंल. पण दुखणं तिथं नव्हतं." टाकी, नवा फिल्टर आणि मजुरी मिळून त्यांनी ७०० रुपये घेतले.

आता माझा भाऊ जी पिकअप चालवतो तिला स्कॅनर लावतात. सेन्सर आहेत, कोड येतो. मागच्या वर्षी डिझेलचा दाब कमी असल्याचा कोड आला. गॅरेजमधल्या पोरानं लगेच पंपाची किंमत सांगितली. भावानं विचारलं, "दाब कमी हाय ते मशीननं सांगितलं. का कमी हाय, ते कोण सांगणार?" पोरगं समजूतदार होतं. त्यानं आधी फिल्टर काढून बघितला, आणि काम फिल्टरवरच भागलं.

कोड काय बिघडलंय ते सांगतो. कधी बिघडतं, कशानं बरं होतं, भरलेली असताना की रिकामी, हे गाडी चालवणाऱ्यालाच ठाऊक असतं आणि ते त्याला विचारावं लागतं. मेस्तरींनी नानांना सहा-सात प्रश्न विचारले असतील. तेवढे आधी कुणी विचारले नव्हते.

गाडी विकली नाही. ती पुढं सहा वर्षं चालली, आणि दर पावसाळ्यानंतर नाना तिच्या टाकीचा बूच काढून तळातलं लिटरभर डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरायचे. गेलेली गिऱ्हाइकं एकेक करून परत आली, सगळी नाही. आईच्या पाटल्या त्या हंगामात सुटल्या नाहीत. त्या पुढच्या दिवाळीला घरी आल्या.