गरजणारा धूर

आफ्रिकेत झांबिया आणि झिंबाब्वे या दोन देशांच्या सीमेवर झांबेझी नदी एकाएकी खोल घळीत कोसळते. धबधब्याची रुंदी १७०८ मीटर, उंची १०८ मीटर. इथले लोक त्याला ‘मोसी-ओआ-तुन्या’ म्हणतात, म्हणजे गरजणारा धूर. १८५५ मध्ये आलेल्या लिव्हिंगस्टनने त्याला आपल्या राणीचे, व्हिक्टोरियाचे, नाव दिले.

इथे जायचे तर आधी महिना ठरवावा. मार्च ते मे नदी भरून वाहते. तेव्हा तुषार इतके उडतात की समोरचा धबधबाच दिसेनासा होतो आणि रेनकोट घालूनही माणूस भिजतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबियाच्या बाजूला बराचसा काळा खडक उघडा पडतो. झिंबाब्वेच्या बाजूची मुख्य धार मात्र वाहत असते. सहकुटुंब जाणाऱ्यांना जून ते ऑगस्ट हा काळ बरा.

झिंबाब्वेच्या बाजूला धबधब्यासमोरून झाडीतली पायवाट जाते. लहान मुले, वडीलधारी मंडळीही ती सावकाश चालू शकतात. झांबियाच्या बाजूला घळीवरचा अरुंद पादचारी पूल आहे. पौर्णिमेच्या सुमारास, पाणी भरपूर असेल तर चांदण्यातही इंद्रधनुष्य उमटते. ते पाहून ‘सुब्हानअल्लाह’ आपसूक तोंडी येते. १९०५ च्या रेल्वे पुलावरून पायाला दोर बांधून १११ मीटर खाली उडी मारणारे तरुण दिसतात. पाणी कमी असताना घळीतून रबरी होड्याही जातात. हे धाडस ज्याचे त्याने ठरवावे. धबधबा पाहायला त्याची गरज नाही.

संध्याकाळी नदीत बोटीची फेरी असते. पाणघोडे, मगरी, कधी काठावर हत्तींचा कळप दिसतो. अशा बऱ्याच बोटींवर मद्य असते, म्हणून आधी विचारून घ्यावे. मगरिबची वेळही तीच. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला. इथे उत्तरेकडे, किंचित पूर्वेला वळून उभे राहावे लागते. काही हॉटेलांत पर्यटकांना मगरीचे, रानडुकराचे मांसही वाढतात. हलाल मटण मिळाले नाही तर मासे आहेतच. नदीतला ब्रीम मासा किंवा कापेंता हे बारीक सुके मासे, सोबत मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा. झांबियात त्याला ‘न्शिमा’ म्हणतात, झिंबाब्वेत ‘साद्झा’. कोकणातल्या माणसाला हे जेवण परके वाटणार नाही.

दोन्ही देशांसाठी मिळून ‘काझा’ नावाचा एकच व्हिसा असतो. तो आपल्या पासपोर्टवर मिळतो का, हे निघण्यापूर्वी पाहावे. भाग मलेरियाचा आहे, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

हेच पाणी पुढे करिबा धरणात जाते आणि दोन्ही देशांना वीज देते. २०२४ मध्ये पाऊस दगा देऊन गेला. झांबियाने दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. धरण तळाला गेले आणि घरांत दिवसाचे कित्येक तास वीज नव्हती. शेतातला मकाही करपला. धबधब्याला पाणी किती आहे, हे आपण फोटोसाठी विचारतो. न्शिमा वाढणारी बाई तेच आपल्या चुलीसाठी, मुलांच्या अभ्यासाच्या दिव्यासाठी विचारत असते. पाऊस लांबला की आपल्याकडे लोक ईदगाहवर जमून दुआ मागतात. तिथे उभे असताना त्या माणसांसाठीही दोन शब्द मागावेत.