चुन्याची डबी

दसऱ्याच्या आठवड्यात माझ्या मोगऱ्याची पानं कडेने करपायला लागली. ऊन म्हणावं तर आमच्या बाल्कनीत ते सकाळचं तेवढंच येतं. पाणी रोजच्याइतकंच. नवीन घडलेली गोष्ट एकच होती. चार दिवसांपूर्वी मी रस्त्याकडेच्या एका रोपवाटिकेतून खताची पिशवी आणली होती. हिरवी पिशवी, त्यावर पान, पानावर थेंब आणि खाली ‘100 टक्के सेंद्रिय’. आत मोहरीपेक्षा थोडे मोठे काळे दाणे. सेंद्रियच आहे म्हणून मी हात सैल सोडला आणि दर कुंडीत दोन मुठी टाकल्या. आठवडा संपेपर्यंत कुंडीच्या काठावर मिठासारखा पांढरा थर धरला आणि कढीपत्त्यानेही माना टाकल्या.

खारघरला राहून बाग करायची म्हणजे सगळं विकतचंच. माती विकत, शेणखत विकत. ओवे गावाकडून भाजी घेऊन बसणाऱ्या आजींच्या घरी अजून भाताचा राब भाजतात, त्यांना खताची पिशवी ही कल्पनाच गमतीची वाटते. मी त्यांना एकदा विचारलं होतं, चांगलं शेणखत कसं ओळखायचं? त्या म्हणाल्या, “बाय, शेनाचा वास येतो तवर ते शेन. वास गेला का खत.” मी तेव्हा हसून सोडून दिलं होतं.

त्याच रविवारी अलिबागहून बाबा आले. एसटीने पनवेल, तिथून लोकल. बाबांची सगळी नोकरी थळला, राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या युरिया प्लांटवर गेली. म्हणजे आमच्या घरात मीठभाकरी आली ती रासायनिक खतातून, आणि मी मात्र त्याच घरातून निघून खारघरच्या सातव्या मजल्यावर सेंद्रिय झाले होते. यावर त्यांनी कधी टोमणा मारला नाही. त्या दिवशी मात्र चहा हातात घेऊन ते बाल्कनीत गेले, उकिडवे बसले, आणि कुंडीतला एक दाणा नखाने खरवडू लागले.

“चुना आहे का घरात?”

चुना कुठला असणार! बाबांनी स्वतः तंबाखू 98 साली सोडली. शेवटी माझा मुलगा खाली जाऊन वॉचमनकाकांकडून त्यांची चुन्याची डबी घेऊन आला. बाबांनी चिमूटभर दाणे तळहातावर घेतले, बोटभर चुना लावला आणि अगदी जुन्या सवयीने अंगठ्याने मळले. मग हात माझ्या नाकाशी धरला. डोळ्यांत पाणीच आलं.

“अमोनिया. या वासात माझी सगळी नोकरी गेली, मला चुकायचं नाही.”

डीएपी, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट, खरं की नकली हे पाहायला शेतकरी अशीच चुन्याची चाचणी करतात, असं त्यांनी सांगितलं. अमोनियम क्षार चुन्याशी भेटला की अमोनिया मोकळा होतो. निव्वळ युरिया असता तर त्याने चुन्याला लगेच अशी दाद दिली नसती. म्हणजे यात डीएपी किंवा अमोनियम सल्फेटसारखं काहीतरी होतं. पण युरियाही होताच. जुन्या डब्याच्या झाकणावर दाणे तापवले तेव्हा काही फुगले आणि काही चक्क वितळून पाणी झाले, मग तेही उडून गेलं. खाली उरला तो काळा मुलामा. आणि खरवडलेल्या एका दाण्याच्या आत पांढरा, पूर्ण गोल मणी. “हा मनोऱ्यावरून पडलेला दाणा,” बाबा म्हणाले. प्रिलिंग टॉवरच्या माथ्यावरून वितळलेला युरिया थेंबाथेंबाने सोडतात, खालून हवा वर येत असते, थेंब पडता पडता घट्ट होतो. शेणाचा असा मणी कोणी पाडू शकत नाही.

पाण्याचा ग्लास हा तिसरा प्रयोग. दाणे टाकून ढवळले तर काळं तळाला बसलं, पांढरं दिसेनासं झालं आणि ग्लास हाताला गार लागला. युरिया विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो. शेजारच्या ग्लासात सोसायटीच्या खड्ड्यातलं कंपोस्ट टाकलं. त्यातलं काही तरंगलं, काही बुडलं, पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं, आणि पानाची एक अर्धवट शीर व अंड्याच्या कवचाचा तुकडा वर आला. तापवल्यावर ते पालापाचोळ्यासारखं धुमसलं आणि मागे राख ठेवून गेलं.

मग बाबांनी पेपरच्या कडेला हिशेब मांडला. आपल्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे गांडूळखतात नत्र किमान 1 टक्का असावं लागतं. युरियात ते 46 टक्के. एक मूठ म्हणजे साधारण 50 ग्रॅम धरा. दोन मुठी गांडूळखतातून कुंडीला 1 ग्रॅम नत्र मिळतं. निव्वळ युरिया असता तर दोन मुठींत 46 ग्रॅम. माझ्या पिशवीत मिश्रण होतं, म्हणून आकडा मधला कुठला तरी. मोगऱ्याला तेवढाही पुष्कळ झाला. काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, मुळांचं तेच झालं होतं.

त्या दिवसापासून मी पिशवीवरचं पान बघत नाही, पिशवी उलटी करून आकडे बघते. 19:19:19 लिहिलेलं खत शेण, पालापाचोळा किंवा पेंड यांतून होणं शक्यच नाही. निंबोळी पेंडीसारख्या तेज वस्तूतही नत्र पाचेक टक्क्यांच्या आसपास. माझ्या हिरव्या पिशवीवर तर एकही आकडा नव्हता.

मी रोपवाटिकेत पिशवी दाखवायला घेऊन गेले. तो माणूस भांडला नाही, उलट प्रामाणिकपणे म्हणाला, “मॅडम, कंपनीवाला बोलला नॅचरल गॅसपासून बनवतो, म्हणजे नॅचरलच ना?” घरी येऊन सांगितलं तर बाबा ठसका लागेपर्यंत हसले. कारण खोटं काहीच नव्हतं. थळचा युरिया नैसर्गिक वायूपासूनच होतो. वायूतला हायड्रोजन, हवेतला नायट्रोजन, त्यांचा अमोनिया, आणि त्याला कार्बन डायऑक्साइडची जोड. त्यात कार्बन आहे म्हणून रसायनशास्त्राच्या जुन्या मराठी पुस्तकांत युरिया सेंद्रिय संयुगांतच बसायचा. रसायनशास्त्रज्ञ वोलरने तो 1828 मध्ये प्रयोगशाळेत केला, तोवर तो मूत्रात सापडणारा पदार्थ म्हणूनच माहीत होता. ‘सेंद्रिय’ या एका शब्दाची इतकी ओढाताण मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

चुन्याचं वेड मला नंतर आठवडाभर पुरलं. हातातली विद्या दाखवायला मी सोसायटीच्या खड्ड्यातल्या ताज्या कंपोस्टला चुना लावला, आणि तिथेही तोच वास! खड्डा सांभाळणाऱ्या शेजारच्या काकूंकडे मी संशयाने पाहिलं, त्यांनी माझ्याकडे त्याहून वाईट पाहिलं. फोनवर बाबा म्हणाले, “अगं, ते अजून शिजतंय. कच्च्या खतातूनही अमोनिया निघतो. तीन आठवडे थांब आणि मग हुंग.” तीन आठवड्यांनी वास पावसानंतरच्या मातीचा होता. ओवे गावच्या आजींनी हे दोन वाक्यांत सांगितलं होतं. काकूंना मी नारळाच्या वड्या नेऊन दिल्या.

‘गांडूळखत’ म्हणून आणलेली आणखी एक पिशवी चुन्याला निर्दोष निघाली, पण ग्लासात टाकली तर सरळ तळाला जाऊन गाळ झाली. तिच्यात अर्ध्याहून जास्त माती होती. म्हणजे रसायन नाही, पण खतही नाही. चांगलं गांडूळखत हाताला हलकं लागतं, ही पिशवी उचलतानाच मला कळायला हवं होतं.

कुंड्या वाचल्या. वरची दोन बोटं माती काढली, तळातून निथळेपर्यंत तीनदा पाणी घातलं, मग कंपोस्ट दिलं. कढीपत्ता सावरला. मोगऱ्याची एक फांदी गेली.

बाबा इथे होते तेव्हाच उरलेलं काळं खत मी फेकायला निघाले होते. बाबांनी हात धरला. “ते विष नाही, खत आहे. मुळाला नायट्रेट मिळतं, ते शेणातून आलं की प्लांटमधून, मुळाला कळत नाही. कळतं ते मातीला. नुसतं हे घालत राहिलीस तर कुंडी विटेसारखी होईल.” आमच्या गावच्या भाताला शेणखतही पडतं आणि युरिया-डीएपीची ब्रिकेटही, हे मी लहानपणापासून पाहतच आले होते.

जायच्या आदल्या रात्री त्यांनी ते दाणे एका रिकाम्या बरणीत भरले आणि प्लांटच्या लॉगशीटवर लिहायचे तशा ठसठशीत अक्षरात कागद चिकटवला: ‘मिश्र खत. अमोनिया आहे. प्रमाण अज्ञात. बादलीत अर्धा चमचा.’ बरणी अजून कंपोस्टच्या बादलीशेजारी आहे. वॉचमनकाकांची डबी मात्र परत करायची राहून गेली. त्यांनी दुसरी घेतली आणि ही ठेवा म्हणाले.