पाणी चढते आहे की उतरते आहे?

मुलांनो, आपल्या ऑकलंडला दोन बाजूंनी समुद्र आहे. पूर्वेला वाईतेमाता बंदर आणि पश्चिमेला मानुकाऊ. ओटाहुहूजवळ दोन्हीकडच्या पाण्यामधली जमीन इतकी अरुंद आहे की पूर्वी माओरी लोक आपल्या होड्या तिथून ओढत पलीकडे नेत.

इतके जवळ असूनही दोन्हीकडे भरती एका वेळी येत नाही. भरतीची लाट न्यूझीलंडला घड्याळाच्या उलट दिशेने वळसा घालते, त्यामुळे दोन किनाऱ्यांवर सुमारे तीन तासांचे अंतर पडते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे लागतात. म्हणजे हा फरक जवळजवळ पाव फेरीचा झाला.

इंजिनियरिंगला आम्ही झोपाळ्याची, स्प्रिंगला टांगलेल्या वजनाची ‘सरल आवर्त गती’ शिकलो. भरती-ओहोटीही ढोबळमानाने तशीच. पूर्ण फेरी ३६० अंशांची धरली, तर पाव फेरी ९० अंशांची. हा झाला फेजमधला फरक. फेजला मराठीत ‘कला’ म्हणतात. चंद्राच्या कला म्हणतो ना, तोच शब्द!

खरी गंमत पुढेच आहे. दर फेरीत अशी वेळ येते की दोन्हीकडे पाणी साधारण सारखेच चढलेले असते. पण एकीकडे ते वाढत असते आणि दुसरीकडे ओसरत असते. नुसत्या उंचीवरून कला कळत नाही, दिशाही पाहावी लागते. काठावरचे दगड पाण्याच्या वरपर्यंत ओले दिसले, तर समजा ओहोटी लागली.

मराठीच्या वर्गातही असेच होते. समजा, दोन मुले एकच धडा सारखेच अडखळत वाचतात. एक इथेच जन्मलेले, यंदा जोडाक्षरे वाचू लागलेले. दुसरे चार वर्षांपूर्वी नाशिकहून आले तेव्हा घडाघडा वाचायचे. मार्क दोघांना सारखेच, आणि घरी जाताना आपण पालक विचारतो ते मार्कच.

समुद्राला ओहोटीनंतर भरती आपोआप येते. भाषेचे तसे नाही. तेव्हा पालकहो, दगड ओले दिसले तर आजीला फोन लावून द्या आणि मध्ये भाषांतर करू नका. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा नाशकात दुपारचा दीड असतो. आपल्या उन्हाळ्यात साडेबारा. आजी जागीच असते.