मागीलदारची कणी आणि सुपातलं लाल बी

आजची नोंद पाखरांची आहे, पण भात पेरणाऱ्या प्रत्येकाने वाचावी.

आमच्या मागीलदारी फणसाखाली रोज सकाळी मूठभर कणी टाकायची पद्धत आईपासूनची. सात वाजले की आधी कवडे येतात, मागोमाग चिमण्या. सातभाई आले की नुसता कलकलाट. दयाळ कणीला तोंड लावत नाही, तो केळीच्या बुंध्याशी किडे टिपतो.

गेल्या वर्षी रोहिणीत धूळवाफेचा तरवा पेरला. बी संकरित, पाकिटातलं, औषध चोळून लाल केलेलं. दोन मुठी उरलं ते सुपात ठेवलं होतं. संध्याकाळी सूप पडवीत उलथलं. सांडलेलं बी मी झाडून फणसाखाली लोटलं. फुकट कशाला घालवा, पाखरं खातील, एवढाच विचार.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक कवडा पिसं फुलवून गडग्यालगत बसलेला. जवळ गेलो तरी उडेना. पाणी ठेवलं, घेतलं नाही. तिन्हीसांजेला मेला. त्या बियाण्यानेच मेला असं शपथेवर सांगणार नाही, तपासणी काही केली नाही. पण ही म्हणाली, "अहो, तुमच्या हातचं खायची सवय लागलेली पाखरं ती. विचारून थोडीच खाणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग पाकीट नीट वाचलं. बी विषारी आहे, खाण्यासाठी वापरू नये, असं त्यावर छापलेलंच होतं. रंगही त्यासाठीच देतात, पण तो इशारा माणसासाठी. चिमणीचं वजन जेमतेम २५ ते ३० ग्रॅम. इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक चोळलेले थोडे दाणेही एवढ्या जिवाला मारक ठरू शकतात.

तेव्हापासून आमच्याकडे हे नियम:

१) औषध लावलेलं बी उरलं तर त्याच दिवशी तरव्यातच पेरून मातीआड करायचं. सांडलेले दाणे वेचायचे.
२) घरच्या बियाण्याला मिठाचं पाणी (१० लिटरला ३०० ग्रॅम मीठ) करताना तरंगलेलं पोचट बी थायरम लावण्याआधीच वेगळं करायचं. कोंबड्यांना घालायचं तर स्वच्छ धुऊन.
३) बियाण्याचं सूप वेगळं. त्यात घरचं धान्य पाखडायचं नाही.
४) पाखरांना कणी किंवा नाचणी, तीही मूठभरच. खारट, तळलेलं काही नाही. पाणी रोज बदलायचं, भांडं घासायचं.
५) परसातल्या भाजीवर उगाच फवारा नाही. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना किडे-अळ्याच भरवते. किडेच राहिले नाहीत तर आपली कणी पिल्लांच्या कामाची नाही.

२० मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने तो २०१० पासून सुरू झाला. त्या दिवशी सगळे पाण्याच्या भांड्याचे फोटो टाकतात, मीही टाकतो. पण आपल्याकडे पाखरांची खरी आठवण पेरणीच्या दिवसांत ठेवायला हवी. बियाण्याचं पाकीट तेव्हाच फुटतं.

कवडे अजून येतात. कणी टाकण्याआधी मी आता हात साबणाने धुतो.

तुम्ही उरलेल्या बियाण्याचं काय करता? खाली लिहा. कृषी खात्यातल्या जाणत्यांनी माझं काही चुकत असेल तर जरूर सांगावं.