उरलेल्या तेवीस तासांसाठी

पुणे,
रथसप्तमीचा आदला दिवस

प्रिय शालू,

तुझा मेसेज वाचून आधी पोट धरून हसले, मग तुझ्या कमरेची काळजी वाटली. एडमंटनला बाहेर उणे पंचवीस, आणि तू चौकशी केलीस त्या योगाच्या क्लासात खोली म्हणे ४० अंशांवर तापवलेली! अगं, त्यासाठी पैसे कशाला मोजायचे? अमळनेरला मे महिन्यात गच्चीवर पापड वाळत घालताना आपला तो योग फुकटात होत होता. तुला बीपीची गोळी चालू आहे, तेव्हा त्या तापलेल्या खोलीच्या वाटेला जाऊ नकोस. साधा, संथ क्लास बघ. पण डॉक्टरीणबाई 'योग करून बघा' म्हणाल्या, ते मात्र मनावर घे.

तू विचारलंस, 'खरंच फायदा होतो का गं, की नुसतं फॅड?' होतो. पण क्लासच्या तासाभरात तो शोधायला गेलीस तर हाती लागायचा नाही. त्या तासात मांड्या थरथरतात, शेजारची बाई आपल्याहून जास्त वाकलेली दिसते आणि जीव जळतो. फायदा कळतो तो उरलेल्या तेवीस तासांत. खाली बसून उठताना, जिना उतरताना, रात्री कूस बदलताना, आणि कुणी डोक्यात जाईल असं बोललं की तेव्हा!

मी जाते तो क्लास अय्यंगार पद्धतीचा. पुण्यात राहून दुसरं काय असणार म्हणा! बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले ते सहा महिन्यांच्या बोलीवर, आणि पुढे जन्मभर इथलेच झाले. २०१४ मध्ये गेले तेही पुण्यातच. आले तेव्हा विशीही गाठलेली नव्हती, मराठीचा गंध नाही, आणि लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय असं सगळं अंगावरून गेलेलं. दुखऱ्या, आखडलेल्या शरीराची कणव त्यांच्या पद्धतीत जागोजागी दिसते. लोड, पट्टे, लाकडी विटा, खुर्च्या, भिंतीतले दोर, सगळा सरंजाम तेवढ्यासाठीच. त्रिकोणासनात माझा हात जमिनीला पोचत नाही, तर आमच्या बाई म्हणतात, 'नाही ना पोचत? मग जमीन वर आणा,' आणि हाताखाली वीट सरकवतात. तेव्हा, 'मी कुठली वाकतेय आता' हे तुझं पालुपद इथे चालायचं नाही.

पहिल्या दिवशी बाईंनी मला काय करायला लावलं असेल? नुसतं उभं राहायला! ताडासन. मनात म्हटलं, उभं राहायची फी घेतात की काय! पण त्या म्हणाल्या, 'अंगठ्याखालचा उंचवटा दाबा. करंगळीच्या बाजूनं दाबा. आता दोन्ही टाचांवर सारखा भार द्या.' तो सारखा भार काही केल्या देता येईना. सगळं वजन डाव्या टाचेच्या बाहेरच्या कडेवर. माझी डावी चप्पल नेहमी आधी झिजते, हे आमचा चांभार कधीपासून सांगत होता! त्या एका बाजूला कललेल्या उभं राहण्याचा भार गुडघा आणि कंबर निमूटपणे सोसत होते. आता दूधवाल्याची वाट बघताना, बँकेच्या रांगेत, ओट्याशी पोळ्या लाटताना पाय आपोआप नीट टेकतात. हा झाला तेवीस तासांतला पहिला फायदा. दुसरा असा की भिंतीला बोट लावून वृक्षासन करता करता आता एका पायावर उभं राहून मोजा घालता येतो. हसू नकोस! आपल्या वयात तोल सांभाळता येणं म्हणजे खुब्याचं हाड सांभाळणं.

तुझ्या कमरेबद्दल म्हणशील तर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स ही तिकडच्या डॉक्टरांची मोठी संघटना. तिनं २०१७ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी करून बघायच्या उपायांत योगाचं नाव घातलं. पण त्याच वर्षी सगळे अभ्यास एकत्र करून झालेल्या मोठ्या पाहणीत निघालं ते असं, की काहीच व्यायाम न करण्यापेक्षा योगानं फरक पडतो, तोही थोडा ते मध्यम, आणि कमरेच्या इतर व्यायामांपेक्षा तो फार सरस ठरतो असं काही दिसत नाही. म्हणजे चमत्कार बिमत्कार नाही. पण तू 'इतर व्यायाम' तरी कुठे करतेस? गाडीत बसतेस, ऑफिसात बसतेस, घरी येऊन सोफ्यावर बसतेस. तुला 'थोडा ते मध्यम' फरकही सोन्यासारखा!

आणि हे मोजून बघायचं वेड परक्यांकडूनच आलंय असं समजू नकोस हं. आपल्या अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत काम करून गेलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही. उड्डियान, नौली करताना पोटात दाब किती बदलतो हे मोजायचं, क्ष-किरणांचे फोटो काढायचे, असा त्यांचा खाक्या. शाळेत असताना हे कुणी सांगितलं असतं तर पी.टी.च्या तासाला आपण जरा कमी टंगळमंगळ केली असती.

आता मनाचं. इथे लोक फार मोठमोठे शब्द वापरतात, मी श्वासापुरतंच सांगते. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, घेताना किंचित वाढतात. मेंदूतून छातीपोटाकडे उतरणारी व्हेगस नावाची नस हे काम करते. म्हणून श्वास सोडणं लांबवलं की शरीराला 'आता धोका नाही' असा निरोप जातो. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये एक गंमत छापली होती. काही जणांना लॅटिनमधून जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली, मग बौद्ध मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला जवळजवळ सहावर आला. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण छातीचा भाता एकच!

याचा उपयोग कुठे झाला सांगू? सोसायटीच्या मीटिंगमध्ये. विषय पाण्याच्या टाकीचा. एक गृहस्थ मला म्हणाले, 'वहिनी, तांत्रिक बाबी तुम्हाला कळायच्या नाहीत.' तू मला ओळखतेस. एरवी तिथेच रामायण झालं असतं. पण माझ्या लक्षात आलं, खांदे कानापर्यंत चढलेत, दात आवळलेत आणि श्वास अडकलाय. क्लासात हेच तर रोज ऐकते, 'खांदे खाली, जबडा सैल.' खांदे सोडले, श्वास सोडला. मग बोलायचं ते बोललेच, सोडते की काय! पण आवाज न चढवता, टाकीच्या गळतीचे फोटो एकेक करून दाखवत. ठराव मंजूर झाला. राग गेला नव्हता, पण तो घशात चढण्याआधी खांद्यात सापडला, एवढंच. मला विचारशील तर मनाचा फायदा तो हाच.

झोपेसाठी एक कृती लिहून देते, आजपासून कर. पलंगाशेजारच्या भिंतीपाशी जाड घडीचं ब्लँकेट ठेव. त्यावर कंबर टेकवून पाय भिंतीला सरळ वर. डोकं-खांदे जमिनीवर, हात बाजूला सैल. ही झाली विपरीत करणी. टाचा भिंतीला टेकलेल्या, आणि फोन दुसऱ्या खोलीत. श्वास मुद्दाम ओढायचा नाही, फक्त सोडताना घाई करायची नाही. पाच-दहा मिनिटांनी गुडघे छातीशी घेऊन उजव्या कुशीवर वळ आणि हाताचा आधार घेऊन ऊठ. तटकन उठू नकोस, कंबर बोंबलेल.

आणि एक, आमच्या क्लासातल्या एका काकांनी महिनाभरातच बीपीच्या गोळ्या बंद केल्या, 'आता योग आहे ना!' म्हणून. एके सकाळी चक्कर येऊन पडले. गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टरीणबाई ठरवतील. योगानं सगळे रोग पळतात असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाज आणि वाटेला लाव.

उद्या रथसप्तमी. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत पोरांना सूर्यनमस्कार घालायला लावले होते. आमच्याकडे उद्या बारा घालायचेत. मी खुर्चीचा आधार घेऊन घालणार, मला त्याची मुळीच लाज नाही. तूही क्लास निवडताना एवढंच बघ, शिकवणारी बाई तुझी कंबर, गुडघे, गोळ्या यांची विचारपूस करते का. न विचारता वाकवायला लागली तर चटई गुंडाळ आणि सरळ घरी ये.

घरच्या सगळ्यांना आठवण सांग. नातवाला मराठी बोलायला लावतेस की नाही?

तुझी,
नलू

ता. क. – मागे तू डोळ्यांचं प्रेशर वाढल्याचं म्हणाली होतीस. तसं असेल तर शीर्षासन, सर्वांगासन तर नाहीच, आणि वर लिहिलेली विपरीत करणीसुद्धा डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून मगच. तोवर पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवून नुसती पडून राहा, झोपेला तेवढंही पुरतं. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव.